दाभणाची शिवण

"थांबव. मांगं घे."

मोबाइलवर कोणतीही बातमी दाखवा, काकांचं पहिलं बोलणं हेच. मग हात लांब करून मोबाइल दूर धरायचे, मान मागे न्यायचे आणि चालू व्हिडिओवर अंगठा असा दाबायचे, जणू टपालावर शिक्का मारताहेत. मारलेच होते म्हणा. उभा जन्म सिहोऱ्याकडच्या खेड्यांत त्यांनी सायकलवर डाक वाटली होती.

निवृत्तीनंतर ते बसथांब्याजवळच्या टपरीवर बसत. समोरच्याच खोलीत मी यूट्यूबवर बातम्यांचा चॅनेल चालवायचो. एक मोबाइल, एक माइक आणि गळ्यात माझं मीच छापून घेतलेलं ओळखपत्र. 'मोठे पेपर दाबतात ते आम्ही दाखवतो,' असं प्रत्येक व्हिडिओत बेंबीच्या देठापासून ओरडायचो. असले चॅनेल तुम्हीही पाहता, नाही म्हणू नका.

टपरीवर रोज लोक कुठला ना कुठला व्हिडिओ घेऊन यायचे आणि काका तपासायचे. "हा बोलून राहिला तो तिथं होता का? ज्याच्यावर बोलून राहिला त्याच्याबी घरी गेलता का? याले जाहिरात कोन देते?" एकदा बपेऱ्याच्या एका गुरुजींनी आमच्याच समाजाच्या चॅनेलची बातमी दाखवली. "काका, हे तं आपले लोक आहेत," गुरुजी म्हणाले.

"मनूनच तं! मनाजोगती बातमी आली का मी तिले अंगनात बसवतो. घरात मंग घेतो."

सगळे हसले. माझ्या चॅनेलचं नाव निघालं की मात्र काका चहाच प्यायचे. मला असा राग यायचा! शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

आणि एक दिवस माझ्या हाती घबाड लागलं. जवळच्या गावातल्या एका माणसानं व्हिडिओ पाठवला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या घरात तांदळाची पाच पोती आणि पोत्यांवर सरकारी छापा. मी मागचापुढचा विचार न करता 'लेकरांच्या ताटातला तांदूळ कुणाच्या घरात?' म्हणून लगेच चढवला. संध्याकाळपर्यंत तालुकाभर गेला. दोन दिवसांत शाळेनं बाईला घरी बसवलं. मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा माझा व्हिडिओ मागितला. "थांबव. मांगं घे. आता चुंगडीचं तोंड पाय."

"पोत्याचं तोंड काय पाहायचं, काका?"

"पाय तं खरं! सरकारी चुंगडी मशीननं शिवून येते, सरळ टाका. हे दाभनानं शिवलं हाय, सुतळीनं. तुही माय शिवते तसं. बारदाना सरकारी, तांदूळ घरचा."

सांगा, आमच्या धानाच्या मुलखात सरकारी छाप्याचं रिकामं पोतं कोणाच्या घरी नसतं? माझ्याच दारात आईनं पाय पुसायला टाकलं होतं. तरी मी हट्टाला पेटलो. "खोलून पुन्हा शिवलं असन तं?"

"असन. मंग इचारलं काहून नाई?"

मी गाडी काढली. काकांना मागे बसवून बाईच्या घरी गेलो. तिचा दीड एकर धान होता. धान भरडणाऱ्या मिलवाल्यानं सांगितलं, पाच पोती तिनं त्याच्याच समोर भरून नेली. व्हिडिओ पाठवणाऱ्याच्या सुनेला खिचडीचं काम हवं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एक मीच तेवढा शहाणा! बाई ओरडली नाही, रडली नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुमी अगोदर काहून नाई आले, भाऊ?"

मान वर करायची सोय राहिली नाही.

व्हिडिओ काढून टाकला आणि माफीचा नवा चढवला. मला वाटलं, सुटलो. काका म्हणाले, "चिठ्ठी चुकीच्या घरी पडली तं पोस्टात बसून माफी मांगता येत नाई, बापू. त्या घरी जाऊन वापस आनाव लागते."

दोन दिवस आम्ही ते गाव घरोघर फिरलो. पुढे गुडघे धरत काका, मागे चोरासारखा मी. "जयभीम" नाही तर "रामराम" घालायचे आणि मला पुढे ढकलायचे, "बोल." तिसऱ्याच घरी एक म्हातारी निघाली. तिनं काही पाहिलंच नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मोठे करून विचारलं, "पन काय चोरलं, बाप्पा, तिनं?"

काका मटकन ओट्यावर बसले. "हे मायं चुकलं," म्हणाले. म्हातारीला अर्धा तास समजावत बसले, तिची चहाची कपबशी दोनदा रिकामी केली. तिथून पुढे प्रत्येक घरी आधी विचारायचं ठरलं, व्हिडिओ पाहिला का? नसेल पाहिला तर रामराम करून पुढचं घर.

मिलवाल्याचं म्हणणं लिहून घेतलं, गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या, शाळेत नेऊन दिलं. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा चुलीपुढे उभी राहिली. माझ्याशी मात्र बोलली नाही. का बोलावं?

बातमीआधी मी दोन्ही बाजूंच्या घरी जाऊ लागलो तसे माझे पाहणारे घटले. काकांनी कधी शाबासकी दिली नाही. पण एका दुपारी माझा एक व्हिडिओ त्यांनी मध्ये कुठेही न थांबवता शेवटपर्यंत पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "चाय सांग." त्या रात्री मी पोटभर जेवलो.

धानाची कापणी चालू असताना काका गेले. झोपेतच. मी दवाखान्याचा कागद पाहिला, त्यांच्या मुलाला विचारलं आणि मग बातमी टाकली.

घरासमोर माणसं जमली होती. तेवढ्यात लांबून बाई येताना दिसली. चार किलोमीटर पायी आली होती, हाताला खिचडीची हळद तशीच. मी बाजूला सरकलो, तर माझ्यासमोरच येऊन थांबली.

"तुमच्या चॅनेलवर पायलं, भाऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले इचारलं नाई. तशीच निंगाली."

पदर डोळ्याला लावून ती आत काकूंजवळ गेली. मी तिथंच उभा राहिलो. आपली बातमी खोटी निघावी असं मला तेव्हा पहिल्यांदा जिवापासून वाटलं.