छप्पन्न सेंटिमीटरचं दार

"केबिनचं दार छप्पन्न सेंटिमीटर आहे," मुंबईहून डिसोझा मॅडम म्हणाल्या. "व्हीलचेअर किती रुंद आहे म्हणालात?"

"त्रेसष्ट," मी म्हणाले.

समोरच्या खुर्चीत तेरा वर्षांची ईशा बसली होती. तो आकडा तिनेच घरून मोजून आणला होता. शेजारी तिचे वडील, प्रकाश जोशी, आधार कार्डांच्या झेरॉक्स हातात धरून बसले होते. जहाज सुटायला आठ दिवस राहिले होते.

मी हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बावीस वर्षं नोकरी करते. पूर्वी आमचं काम म्हणजे काशी, तिरुपती आणि फार तर उटी. आता क्रूझही असते. मुंबईहून जहाज सुटतं, दोन रात्री समुद्रात राहतं, परत येतं. आमच्याकडे शाळांना दसऱ्याची सुट्टी लागते, तेव्हाच पावसाळा संपून क्रूझचा सीझन सुरू होतो. मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली की आईवडिलांबरोबर देवळं बघायला येत नाहीत. जहाज म्हटलं की येतात. त्यामुळे अशी कुटुंबं आमच्याकडे बरीच येतात.

जोशी धारवाडजवळ रायापूरला राहतात. प्रकाशराव सरकारी इंजिनिअर, त्यांच्या पत्नी सुनीताताई हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. ईशा आठवीत. तिचा भाऊ ऋत्विज सोळा वर्षांचा, पीयूसीला, म्हणजे अकरावीला. जुलैत बुकिंग करताना प्रकाशराव फोनवर म्हणाले होते, "मुलाला चालायला जरा त्रास होतो, अक्का." मी "हो, हो, काळजी करू नका" म्हणाले आणि फॉर्मवर 'व्हीलचेअर असिस्टन्स' या चौकोनात टिक केली. त्याचा अर्थ एवढाच, की टर्मिनलवर कोणीतरी खुर्ची घेऊन येतं, तुम्हाला केबिनच्या दारापर्यंत सोडतं आणि खुर्ची परत नेतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

ऋत्विजला स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार आहे. आठवीपासून तो बॅटरीच्या खुर्चीवर आहे. ते मला ईशाकडून कळलं, आणि तेही तिने सरळ विचारलं म्हणून. "मॅडम, केबिनचं दार किती रुंद आहे?" बावीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून मी डिसोझा मॅडमना फोन लावला. त्या क्रूझ कंपनीच्या रिझर्व्हेशन डेस्कवर आहेत. आमची गाठ कधी पडलेली नाही, फक्त आवाजाची ओळख.

"मग ती बाहेर पॅसेजमध्ये ठेवू," प्रकाशराव म्हणाले.

ते चालत नाही. आग लागली तर लोक त्याच पॅसेजमधून पळणार, म्हणून तिथे काही ठेवू देत नाहीत. शिवाय जहाजावरच्या बाथरूमला वीतभर उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. उचलून आत न्यायचं म्हटलं तर दोन माणसं उभी राहण्याइतकी जागा नसते. अशा प्रवाशांसाठी वेगळ्या केबिन असतात. त्यांना ॲक्सेसिबल केबिन म्हणतात. दार रुंद, उंबरठा नाही, भिंतीला धरायला दांड्या. त्या जहाजावर अशा केबिन चार होत्या आणि चारही गेलेल्या होत्या.

"वेटिंगला टाकते," डिसोझा मॅडम म्हणाल्या. "पण आशा ठेवू नका."

प्रकाशरावांनी झेरॉक्स परत पाकिटात घातल्या. म्हणाले, "असू दे. मी आणि तो घरी राहतो. तुम्ही सुनीता आणि ईशाचं तेवढं ठेवा."

"मी जाणार नाही," ईशा म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खाली जाऊन गाडीत बसली.

मी आमच्या साहेबांकडे, हिरेमठ सरांकडे गेले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये एकच विचारलं. "तू बुकिंगच्या वेळी विचारलं होतंस का?"

"नाही, सर."

"मग आधी त्यांच्या घरी जा. त्या मुलाला तू स्वतः सांग. फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रायापूरला गेले. सुनीताताईंनी चहा ठेवला. ऋत्विज बाहेरच्या खोलीत होता. बारीक, मोठा चष्मा, खुर्चीच्या हातावर मोबाईल बसवलेला. वाटेत बसमध्ये मी काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. तिथे गेल्यावर फक्त म्हणाले, "चूक माझी आहे. मी नीट विचारलं नाही."

"बाबांनीही नीट सांगितलं नसणार," तो म्हणाला. "ते कोणालाच सांगत नाहीत."

आत कपबशीचा आवाज थांबला. शेजारी बसलेले प्रकाशराव खिडकीबाहेर बघत होते.

"आठ दिवस आधी कळलं, हे बरं," ऋत्विज पुढे म्हणाला. "आम्हाला नेहमी तिथे पोचल्यावर कळतं. मग सगळे उभे राहून मला कसं उचलायचं ते ठरवतात."

मी त्याला विचारलं, क्रूझवर त्याला काय बघायचं होतं. डिस्को, स्विमिंग पूल, कॅसिनो यांपैकी काहीतरी म्हणेल असं मला वाटलं.

"जमीन दिसेनाशी होते ना, ती जागा," तो म्हणाला. "सगळीकडे सपाट. पायऱ्या नाहीत, काही नाही."

परतीच्या बसमध्ये मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आठवून मला बरं वाटलं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी मी एका धडधाकट जोडप्याला अशीच ॲक्सेसिबल केबिन विकली होती. का, तर बाथरूम मोठं मिळतं. आमच्या धंद्यात बरेच जण हे करतात. कंपनीचा फॉर्म विचारतो, पण कोणी तपासत नाही. मी केलं होतं, तर या चारांतल्या एखाद्या केबिनच्या बाबतीतही कोणीतरी केलं असेल.

ऑफिसात आल्याबरोबर मी डिसोझा मॅडमना फोन लावला. त्यांना माझी जुनी गोष्टही सांगितली. ती न सांगता पुढचं मागायला जीभ रेटेना.

"प्रवाशांची नावं मी तुम्हाला देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या.

"मला नावं नकोत. तुम्ही त्यांना विचारा. गरज असेल त्यांना हलवू नका. नसेल त्यांना दुसरी केबिन चालेल का, एवढंच."

"हे माझं काम नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. एक केबिन खरंच व्हीलचेअरवरच्या एका बाईंची होती. दुसऱ्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्यांनी सांगितलं, आम्ही आधी बुक केलंय, आम्ही हलणार नाही. चौथं एक वयस्क जोडपं होतं. त्यातल्या आजींचे गुडघे खराब होते, बाथरूममध्ये धरायला दांडी हवी म्हणून एजंटने ती केबिन दिली होती. म्हणजे त्यांची गरज खोटी नव्हती. मी मनात म्हटलं, संपलं.

"पण आजी स्वतः फोनवर आल्या," डिसोझा मॅडम म्हणाल्या. "विचारत होत्या, मुलगा केवढा आहे. सोळा म्हटल्यावर म्हणाल्या, मला दांडी नसली तरी चालेल, एक स्टूल द्या, मी बसून आंघोळ करीन. त्याला दुसरं काही चालणार नाही ना?"

स्टुलाची सोय डिसोझा मॅडमनी केली. त्या दोघांना वरच्या मजल्यावरची, गॅलरी असलेली केबिन मिळवून दिली. मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "आभार नंतर. खुर्चीच्या बॅटरीचं काय?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जहाजावर सांडणारं ॲसिड असलेली बॅटरी चालत नाही, सीलबंद लागते. ती सीलबंद आहे असा कागद लागतो. खुर्चीवरचं मूळ लेबल घासून गेलं होतं आणि बॅटरी मध्यंतरी बदललेली होती. बदलणारे जुन्या हुबळीतले नदाफ मेस्त्री. मी आणि प्रकाशराव खुर्ची घेऊन त्यांच्याकडे गेलो. दुकान इतकं लहान, की खुर्ची रस्त्यावरच उघडावी लागली. नदाफांनी झाकण काढलं, आत टॉर्च मारून बॅटरीवरची अक्षरं मला वाचून दाखवली आणि आपल्या बिलबुकाच्या कोऱ्या पानावर कन्नडमध्ये लिहून दिलं. मी म्हटलं, इंग्रजीत लागेल. त्यांनी शांतपणे दुसरं पान फाडलं आणि म्हणाले, "तुम्ही सांगा री मॅडम, मी लिहितो. सही मात्र माझी." मग वर शिक्का मारला. एवढंच करून थांबले नाहीत. चाकं फिरवून पाहिली, एक स्क्रू आवळला. "खाऱ्या वाऱ्यात राहील दोन दिवस. आल्यावर दाखवायला आणा," म्हणाले.

परत येताना प्रकाशराव गाडी चालवता चालवता मला म्हणाले, "अक्का, खुर्ची म्हणायला मला जमत नाही. म्हटलं की ते खरं होतं."

कागद मंजूर झाला. जहाजाच्या यादीत ऋत्विजच्या नावापुढे खुर्चीची नोंद झाली. ही नोंद फार महत्त्वाची. संकटात कोणाला मदत लागेल हे जहाजावरच्या लोकांना त्यावरूनच कळतं. माझ्या जुलैच्या फॉर्मप्रमाणे तो चालणारा मुलगा होता.

जोशी कुटुंब क्रूझवर गेलं. दोन दिवस मी फोनकडे बघत होते. फोन आला नाही. परत आल्यावर चौघंही ऑफिसच्या खाली गाडीत थांबले आणि मला खाली बोलावलं. आमच्या ऑफिसला लिफ्ट नाही.

ईशाला पूल आवडला होता. जेवणावरून बहीण-भावाची दोनदा भांडणं झाली होती. सुनीताताईंना पहिल्या दिवशी जहाज लागलं, दुसऱ्या दिवशी त्या नाचल्या म्हणे. हे सगळं सांगून झाल्यावर प्रकाशराव म्हणाले, "आणि हा हरवला."

"हरवलो नव्हतो," मागून ऋत्विज.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर तो "मी येतो" म्हणून निघाला होता. जहाजावर सगळीकडे लिफ्ट, सगळीकडे उतार. दोन तास तो कुठे होता ते कोणालाच माहीत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. प्रकाशराव आणि सुनीताताई तीन मजले शोधत फिरले. शेवटी तो अगदी पुढच्या बाजूला, मोकळ्या डेकवर सापडला. शेजारी केबिन सोडणाऱ्या त्या आजी बसल्या होत्या. डिसोझा मॅडमनी दोघांना विचारून त्यांची फोनवर ओळख करून दिली होती. ऋत्विज त्यांना मोबाईलवर आधीच डाउनलोड केलेला नकाशा दाखवत होता.

"सोळा वर्षांत पहिल्यांदा," सुनीताताई म्हणाल्या, "मला माझा मुलगा कुठे आहे ते माहीत नव्हतं." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "इतर आयांना हे रोज होत असेल नाही?"

वर येऊन मी डिसोझा मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. "चला, बरं झालं," म्हणाल्या आणि पुढच्या बुकिंगचं विचारलं. आजींचं नाव मला आजही माहीत नाही. माझा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवायचं डिसोझा मॅडमनी कबूल केलं, आणि पोचवला असणार.

नवीन मुली कामाला लागल्या की मी त्यांना एक गोष्ट सांगते. जे विचारायला संकोच वाटतो, ते पहिल्याच फोनला विचारा. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसलो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपल्यालाच अवघडायचं नसतं.