वेशीवरचं उलटं चित्र

माझा नवरा नोफ्री भित्रा होता. तो गेला म्हणून बोलते असं नाही, तो असतानाही मी हे त्याच्या तोंडावर बोलत होते. ढग गडगडले की मांजराच्या आधी हा टेबलाखाली. चितारी तो, रंगातला सफेदा विषारी म्हणून जेवणाआधी सात वेळा हात धुवायचा, आणि तरीही पहिला घास घेताना माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच कालवलाय तो त्यात.

पण माणसाचं तोंड काढावं तर त्यानेच. फ्लॉरेन्समध्ये मोठमोठे चितारी होते, त्यांच्या देवदूतांना पंख सुरेख असायचे. नोफ्रीला पंख जमत नसत. त्याने काढलेला लोकरीचा व्यापारी मात्र असा दिसायचा की आता खाकरेल आणि भाव सांगेल. मुलींचे बाप त्याच्याकडे यायचे, कारण लग्नासाठी चित्र फेराराला नाहीतर मिलानला जायचं आणि मुलगी न बघता तिकडचे लोक हो म्हणायचे. एका बापाने मुलीचा तिरळा डोळा सरळ काढायला सांगितला. नोफ्री घाबरून हो म्हणाला आणि तीन दिवस हात चालवून बसला, डोळा तिरळाच. हात खोटं बोलेना. शेवटी त्याने पोरीला एका अंगाने बसवलं, चांगला डोळा आपल्याकडे. लग्न झालं. तो हात आमच्या घराचं अन्न होता, आणि पुढे तोच आमच्या गळ्याशी आला.

एका वर्षी राज्य उलटवायचा कट फुटला. तिघांची डोकी उडवली, पाच जण पळाले. पाचवा माझा धाकटा भाऊ तेदाल्दो. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने मालकाचं एक पत्र कुठेतरी पोचवलं होतं. आत काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, हे मी कुणाला सांगणार? सगळ्यांना वाटलं तो सिएनाला पोचला. तो आमच्या तळघरात चुन्याच्या पोत्यांमागे बसला होता, आणि वर स्वयंपाकघरात त्याच्या खोकल्याची उबळ ऐकू आली की मी पातेली आपटत होते.

अकराव्या दिवशी कचेरीचा कारकून दारात. आमच्याकडे फितुराला शिक्षा देता आली नाही तर त्याचं तोंड भिंतीवर काढतात, एका पायाने उलटं टांगलेलं. येणारा-जाणारा थुंकून पुढे जातो.

"चितारी," कारकून म्हणाला, "पाच जण काढायचे. दक्षिण वेशीवर, आतल्या बाजूला. पहारेकऱ्यांना बाहेर पडणाऱ्याचं तोंड ताडून बघता आलं पाहिजे. बाकीचे कसेही होवोत. तुझा मेव्हणा मात्र हुबेहूब हवा. त्याच्या लग्नात तूच काढलं होतंस ना त्याला? नाही जमलं, तर आम्ही समजू की तुला जमवायचं नव्हतं."

नोफ्रीच्या दातांवर दात आपटत होते. "ज... जमेल," तो म्हणाला.

कारकून गेल्यावर मी त्याच्या अंगावर धावून गेले. "अहो, जीभ झडली होती का तुमची? आजारी आहे म्हणायचं होतं! खाली माझा भाऊ बसलाय आणि वर तुम्ही त्याचा फास काढणार?"

"पिएरा, हळू बोल."

"आयुष्यभर हळूच बोलले! तुम्हाला नकटं नाकसुद्धा धड खोटं काढता येत नाही!"

"नाहीच येत," तो म्हणाला आणि तळघरात उतरला. मी मागोमाग. तेदाल्दोला त्याने सगळं सांगितलं. माझा भाऊ पांढरा पडला.

"दाजी, मग मी आजच जाऊन त्यांच्या स्वाधीन होतो. तुम्ही दोघं तरी सुटाल."

"गप रे. ऐक. फळीवरचं चित्र पुरं झालं की मी ते उलटं करून बघतो, चूक सापडते म्हणून. वीस वर्षं बघतोय. उलट्या तोंडात नाक दिसतं, डोळे दिसतात, माणूस दिसत नाही. परवा पिएराचं चित्र उलटं धरलं, तर मला वाटलं कोण ही बया." मी तिथे होते म्हणून तो जरा मागे सरला. "ते तुला उलटं टांगणार आहेत ना? टांगू दे. मी खरं तेच काढतो. मला तेवढंच येतं."

"आणि तुमचं चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकलं तर तिघेही," तो म्हणाला, आणि वर जाऊन हात धुऊ लागला.

नऊ दिवस तो वेशीवर पडद्यामागे ओल्या गिलाव्यावर काम करत होता. मी भाकरी घेऊन जायचे. बाहेर भाला खणकला की तो अंग चोरायचा, हात मात्र स्थिर. माझ्या भावाचं आकड्यासारखं नाक, हनुवटीची खळी, सगळं तिथे होतं. मला घाम फुटला. पण मी मागे सरून बघितलं, तर तो कुणीतरी परका होता. पुन्हा बघितलं. परकाच. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं! तेव्हा कुठे मला श्वास आला, आणि लगेच वाटलं, मला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसलं तर?

पडदा निघाला त्या दिवशी कारकुनाने लग्नाचं चित्र आणून एकेक अवयव जुळवला. "नाक बरोबर. खळी बरोबर. शाबास."

दुसऱ्याच दिवशी सकाळी गावाबाहेरच्या कामाला म्हणून आम्ही निघालो. उरलेला चुना आणि परांचीच्या फळ्या हातगाडीवर, गाडी ओढायला दाढी वाढलेला, चुन्याने माखलेला तेदाल्दो. नोफ्री पुढे, मी मागे. वेशीत गर्दी होती. पहारेकरी प्रत्येकाला हनुवटीला धरून थांबवत, भिंतीकडे बघत, सोडत. आमची पाळी आली. पहारेकऱ्याने माझ्या भावाची हनुवटी धरली. भिंतीकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं. पुन्हा भिंतीकडे.

"जा," तो म्हणाला.

गाडी हलली. तेवढ्यात दुसरा पहारेकरी, बाल्दुच्चो नावाचा, खुशालचेंडू, ओरडला, "अरे, असं बघून काय कळतंय? उलट्याला उलटं होऊनच बघावं लागतं!" आणि सगळ्यांना हसवायला तो भिंतीकडे पाठ करून वाकला, आपल्याच तंगड्यांमधून चित्राकडे बघू लागला.

लोक हसत होते. मी बाल्दुच्चोचं लालबुंद तोंड बघत होते. पहिल्या चित्रापाशी तो हसला. दुसऱ्यापाशी म्हणाला, "अरे, हा तर पाओलोचा मुलगा! काय काढलाय!" तिसरा. चौथा. तेदाल्दोची गाडी कमानीखाली अडकली होती. पुढे गाढव आडवं. पाचव्यापाशी बाल्दुच्चोचं हसू थांबलं. कपाळाला आठी पडली. "थांबा रे," तो वाकलेलाच म्हणाला, "हे तोंड मी आत्ताच—"

नोफ्रीने त्याच्या ढुंगणावर लाथ घातली.

माझ्या नवऱ्याने! बाल्दुच्चो तोंडावर गटारात पडला. वेस हसण्याने दणाणली. गाढवसुद्धा बिथरून बाजूला झालं. बाकीचे पहारेकरी नोफ्रीवर तुटून पडले. बाल्दुच्चो चिखल थुंकत उठला तो फक्त लाथेचा सूड डोक्यात घेऊन, पाचवं तोंड विसरून. त्याने नोफ्रीचा उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर धरला आणि भाल्याच्या दांड्याने तीनदा मारलं. मी किंचाळत होते. किंचाळताना मी बाहेर, गाडी गेली तिकडे, बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं.

हाडवैद्याने बोटं बांधली, पण अंगठ्याशेजारची दोन पुन्हा वळली नाहीत. त्यानंतर नोफ्री पेट्यांवर डाव्या हाताने वेली काढायचा. तोंड एकही नाही. तसंही त्याला कोण बोलावणार होतं? गावाने त्याचं नाव पाडलं होतं, टांगलेल्यांचा नोफ्री. तेदाल्दोचं पत्र कधी आलं नाही. त्यानेही अक्कल वापरली असेल असं मी म्हणते.

त्या दिवशी वेशीवरून मी नोफ्रीला खांद्याला धरून घरी आणलं. दार लावल्यावर तो जिन्यावर बसला आणि असा कापू लागला की मला त्याला कवेत घट्ट धरून बसावं लागलं. हात माझ्या मांडीवर, रक्ताने भिजलेला.

"गेला का गं तो?"

"गेला."

"मला फार भीती वाटली, पिएरा," तो म्हणाला. "अजून वाटतेय."

मी त्याला भित्रा म्हणाले नाही. त्याचा हात धरून बसले, आणि दाराबाहेर पावलं वाजली की आम्ही दोघंही दचकत होतो.