टपाखालचा अंगठा

भाईंदरच्या खाडीपासून दहिसरच्या नाक्यापर्यंत शोधा, वस्तू वाजवून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवणारा आमच्या टपवाल्यासारखा माणूस तुम्हाला दुसरा भेटायचा नाय. दार वाजवायचा, डबा वाजवायचा, चहाचा कप वाजवून मगच तोंडाला लावायचा. पेणकरपाड्यातल्या वाण्याला एकदा साबणाची वडी वाजवून परत दिली, "आतून पोकळ आहे" बोलला. वाणी बोलला, "भाईसाब, साबुन है, तबला नहीं." तरी याने बदलून घेतलीच. डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टर याच्या छातीवर बोटं वाजवतोय आणि हा झोपल्या झोपल्या त्यालाच शिकवतोय, "जरा डावीकडे घ्या, तिथे आवाज बसका येतोय."

हाटकेशला त्याचा गाळा होता, तिथे तो गाड्यांचे टप, म्हणजे वरचं छप्पर, बनवायचा. चांगला लोखंडाचा टप कापून काढायचा आणि त्या जागी कार्बन फायबरचा काळा टप चिकटवायचा. हौशी पोरांच्या गाड्या यायच्या, टप हलका झाला की गाडी वळणाला चांगली धरते म्हणे. ते कार्बन म्हणजे शेवटी कापडच, चटईसारखं विणलेलं. साच्यात एकावर एक थर टाकायचे, मध्ये केमिकल फिरवायचं, वरून प्लास्टिक लावून पंपाने हवा ओढायची. वाळलं की एवढा मोठा टप मी एका हाताने उचलायची. बाकीचे कारागीर वरून चकाकी मारून मोकळे होतात. हा टप उलटा करून आतून बघायचा. "वरची चकाकी गिऱ्हाईकाला, खालचं काम देवाला," असं बोलायचा. थरांमध्ये वाटाण्याएवढी हवा राहिली तरी टप भंगारात. पास झाला तर आतल्या बाजूला सफेद रंगाने स्वतःचं नाव लिहायचा, मग त्याच्यावर लोकरीचा जाड नमदा चिकटवायचा. ते नाव परत कोणाला दिसणार नसायचं. मी बोलले, "भाऊ, दिसत नाय तर लिहिता कशाला?" तर बोलला, "मावशी, मला माहीत असतं ना."

माझा नवरा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा. ती धूळ छातीत बसली आणि चार वर्षांत माणूस संपला. त्याच्यामागे मी ह्या टपवाल्याच्या गाळ्यात झाडू हातात घेतला, कोणाला हाक मारत बसले नाय. पहिल्याच दिवशी हा टपावर बोटाची पेरं आपटत होता. मी रत्नागिरीची, मला राहवेना. बोलले, "अहो, असं आपटून फणस फुटेल. टिचकी मारा आणि कान जवळ न्या. कच्चा टणटण बोलतो, पिकला की बदबद." त्याने टिचकी मारली, कान लावला आणि माझ्याकडे असा बघितला की जशी मी इंजिनियर. त्या दिवसापासून चांगला टप म्हणजे कच्चा आणि हवा राहिलेला म्हणजे पिकलेला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि हा आतून ओरडायचा, "मावशी, हा पिकलाय, फेका!"

पण खरी मजा त्याच्या पावसाची. पातळ टपावर थेंब पडला की आत ताशा वाजतो, म्हणून खाली नमदा आणि फोम लावायचा. पुरेसा झाला का ते बघायला हा काचा वर करून गाडीत बसायचा आणि मी स्टुलावर उभी राहून टपावर धान्य ओतायची. मोहरी म्हणजे भुरभुर, मूग म्हणजे सर, वाटाणे म्हणजे आषाढ. हा आत डोळे मिटून बसायचा, मग काच खाली करून सांगायचा, "अजून एक थर." नंतर तेच मूग धुऊन दुपारी उसळ. महिन्यातून चार वेळा आम्ही पाऊस खायचो.

वीस वर्षं कानाशी कटिंगची मशीन. एका वर्षी माझ्या ध्यानात आलं, पहिल्याच थराला हा काच खाली करतोय. "शांत! देवळासारखं शांत!" मी वाटाणे ओतत होते, बाहेर मलाच कान दाबायची पाळी. मग एक गिऱ्हाईक परत आलं. "अंकल, अंदर बात नहीं कर सकते. बारिश में ताशा बजता है." हा त्यालाच बोलला, "तुमचा कान तिखट आहे." पाठोपाठ एका मोठ्या गॅरेजवाल्याने चार टपांची ऑर्डर दिली. ते चार परत आले असते तर ह्याचं नाव गेलं असतं, नावामागून गाळा, आणि गाळ्यामागून आम्ही तिघं, मी आणि दोन कारागीर. कारागीर मला बोलले, "मावशी, तुम्ही सांगा." माझ्या नवऱ्याला डॉक्टर काय बोलला ते पण मीच सांगितलं होतं. हे काय त्याच्याहून जड?

गावाहून दिराने फणस पाठवला होता, दगडासारखा कच्चा. दुपारी कारागीर जेवायला गेले तेव्हा मी तो ह्याच्यासमोर ठेवला. "भाऊ, बघा जरा." त्याने टिचकी मारली, कान लावला. केमिकलने नाक तर त्याचं कधीच गेलेलं.

"पिकलाय," बोलला. "एकदम बदबद."

मी कोयता घेतला आणि फणस मधून कापला. आत पांढराफटक, चीक नुसता गळतोय. त्याने बोट लावून बघितलं, बोटाला चीक.

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

"काय?"

"दिवाळीपासून!"

"काय?"

मी अशी ओरडले की बाजूच्या गाळ्यातला माणूस बोलला, "क्या हुआ, आग लगी क्या?" तेव्हा कुठे तो हसला. मग तेल घेऊन बोटाचा चीक काढत बसला, खूप वेळ. चीक कधीच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी आले तर हा स्टुलावर उभा, हातात वाटाण्यांचं पातेलं. "मावशी, आत बसा." गाडीत पुढच्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. त्याने आषाढ ओतला. मी काचेतून हात हलवला, नाय. एक थर वाढवला, परत नाय. तिसऱ्याला मी अंगठा वर केला. टपाला पण टिचकी मीच मारायला लागले. पहिला टप कच्चा निघाला तेव्हा त्याने आपलं नाव लिहिलं, मग माझा अंगठा धरून सफेद रंगात बुडवला आणि नावाच्या बाजूला उठवला.

मी बोलले, "मला नाव लिहिता येतं हां. दुसरी शिकलेय."

"नाव कोण पण लिहील, मावशी. पास तुम्ही केलाय."

चार टप गेले, एक पण परत आला नाय. पुढे पाच वर्षं आम्ही असंच केलं. मग त्याला स्टुलावर चढवेना, गाळा दुसऱ्याला देऊन बहिणीकडे साताऱ्याच्या बाजूला गेला. फोन करून काय उपयोग? त्याला ऐकू येत नाय, आणि माझं लिखाण दुसरीचं.

मागच्या आठवड्यात शांती नगरच्या सिग्नलला काळ्या टपाची एक गाडी माझ्यासमोर थांबली. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि मारली टिचकी. आतला पोरगा ओरडला, "ओ आजी, क्या कर रहे हो?" नमद्याने आवाज दबतो, पण माझा कान अजून शाबूत आहे. टणटण. आत माझा अंगठा होता की दुसऱ्या कोणाचा, देव जाणे. गाडी गेली.

"कच्चाय, भाऊ," मी बोलले. त्याला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.