पापणीची उसळी

आमच्या ताईच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. मेंदूच्या लहरी मोजणं हे तिचं काम. समोर बसवलेल्याच्या डोक्यावर तारांची टोपी, डोळ्यांवर आभासी खोली दाखवणारा चष्मा. आतली किटली किंवा छत्री माणसाने ओळखली, की कॉम्प्युटरवरची रेष उसळी मारते. नुसती पापणी लवली तरी मारते. ती खोटी उसळी ताई तिथल्या तिथे पुसते, वर समोरच्याला झापते.

परवा तिने बाबांना बसवलं. ते आम्हाला ओळखेनासे झालेत. किटली आली, छत्री आली, रेष ढिम्म. वैतागून ताईने त्या खोलीत स्वतःचा फोटो टाकला. रेष उसळली. आकार पापणीचाच होता, मलासुद्धा कळलं.

"ताई, ही तर पापणी."

"मला शिकवतोस?" ती खेकसली.

पण ती उसळी तिने पुसली नाही.