काढून टाकलेला उंबरठा

बाबांचं घर अकोल्यात, जुन्या वस्तीत आहे. पुढे एक खोली, मागे सैपाकघर, त्याच्या मागे न्हाणी, वर टिनं. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहतात. त्यांनी आयुष्यभर बस चालवली, अकोल्याहून हिवरखेडकडे आणि परत. नोकरी संपली आणि काचबिंदूने नजर हळूहळू नेली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. "अमरावतीला आमच्याकडे चला," असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तिथी मी पाहुणा होईन, माय. इथी घरचा आहे."

मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या ऑफिसात काम करते. कोरोनाच्या टाळेबंदीत घरी बसून, मोबाइलवर बघत बघत सुतारकाम शिकले. आधी एक वेडावाकडा पाट झाला, मग चपलांचं स्टँड, मग बाथरूमचं फुगलेलं दार तासून बसवलं. नवऱ्याने चारचौघांत कौतुक केलं आणि मला चेव चढला. जिथे जाईन तिथे माझी नजर दारं-खिडक्यांवरच.

बाबांच्या घरात तर मला सगळीकडे धोकाच दिसायला लागला. सैपाकघराच्या दाराला चांगला वीतभर उंच सागवानी उंबरठा होता. दाराशेजारी भिंतीतलं फडताळ, त्याची झडप कायम अर्धी उघडी. एखाद्या दिवशी बाबा अडखळतील, डोकं फुटेल, आणि मी अमरावतीत बसलेली असेन. हा विचार मला झोपू देईना. मागच्या दिवाळीच्या सुटीत मी हत्यारांची पेटी घेऊन अकोल्याला गेले.

धूळ उडेल म्हणून बाबांना शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसवलं. उंबरठा पहारीने उचकटला, जागा सिमेंटने भरून वर फरशी बसवली. फडताळाची झडप काढली, आतले कप्पे काढले, तिथे प्लाय ठोकून भिंत सपाट केली. डबे ठेवायला समोरच्या भिंतीवर हाताच्या उंचीवर नवी फळी लावली. दार आत उघडायचं ते बाहेर उघडेल असं फिरवलं. संध्याकाळी बाबांना आत आणलं. त्यांनी चौकटीवरून, प्लायवरून, फळीवरून हात फिरवला.

"गुळगुळीत झालं," ते म्हणाले. "मस्त झालं."

मी खूश. मोबाइलवर फोटो काढले आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवले. उंबरठ्याचं लाकूड जुनं, घट्ट, मधे पावलांनी झिजून खोलगट झालेलं. टाकवेना. ते मी अमरावतीला नेलं, कापून, रंधा मारून त्याचं एक छोटं बाक केलं आणि हॉलमध्ये ठेवलं. येणारा-जाणारा विचारायचा, "सागवान का?" मी सांगायचे, "आमच्या अकोल्याच्या घरचं."

महिना-दीड महिना गेला असेल. एक दिवस काकूंचा फोन आला.

"तुले वाईट वाटंल बाई, पण सांगते. तुहे बाबा सैपाकघरात जायले भेतात आता. सकाळचा चहा मीच देते. दोनदा पडले. तुले सांगू नका म्हनतात."

मी ऑफिसातून अर्धी सुटी घेतली आणि न कळवता अकोल्याला गेले. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा पुढच्या खोलीच्या मधोमध उभे होते. एक हात पुढे. ते सैपाकघराच्या दाराशी आले आणि त्यांनी उजवा पाय उंच उचलला, नसलेला उंबरठा ओलांडायला. पाय रिकाम्या हवेतून धप्पकन खाली आला. तोल गेला. आधाराला त्यांनी हात टाकला तो फडताळाच्या कडेवर, पण तिथे आता सपाट प्लाय. हात घसरला आणि खांदा चौकटीवर आपटला. मी धावले.

"कोन आहे?"

मी त्यांना धरून सावरलं. त्यांनी माझं मनगट चाचपलं, बांगडी ओळखली.

"तू काहून आली आज? सुटी आहे का?"

त्यांच्या कोपरावर जुन्या जखमेची खपली होती. उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली. नव्या फळीवरचा डबा शोधताना पेटत्या गॅसवर हात गेला होता, हे त्यांनी मी खोदून विचारल्यावर सांगितलं.

"मला काहून नाही सांगितलं, बाबा?"

"तू इतकी मेहनत करून राहिली होती. ठोकाठोक ऐकू येत होती मले काकूंच्या ओट्यावर. कसं सांगू?" मग जणू चूक त्यांचीच असल्यासारखे म्हणाले, "मले घर दिसत नव्हतंच, माय. पायाले समजत होतं. उंबरठा लागला की कळे, आता डाव्या हाताले फडताळ, त्याच्यापुढं गॅस. आता पायाले काही समजतच नाही."

मी तिथेच जमिनीवर बसले. एवढ्या वर्षांत मी एकदाही डोळे मिटून त्या घरात चालून पाहिलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, त्यांना विचारलंही नव्हतं. दिवाळीचे ते दिवस मी त्यांच्याशी धड बोललेच नाही. ड्रिलच्या आवाजात बोलावं लागत नाही. त्यांच्यापाशी नुसतं बसण्यापेक्षा ते मला सोपं वाटलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"उंबरठा परत आणते," मी म्हटलं. पण तो आता कुठे होता? त्याचे चार तुकडे माझ्या हॉलमध्ये होते, त्यावर पॉलिश होतं. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"चांगलं झालं का बाक?"

"हो."

"मग राहू दे. तोडू नको."

रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी परत गेले. या वेळी बाबांना शेजारी पाठवलं नाही. मी लाकडाची एक बोटभर उंचीची पट्टी आणली होती, कडा गोल केलेली. पायाला लागेल, पण अडवणार नाही अशी. बाबा जमिनीवर बसले, तळहाताने जागा चाचपत म्हणाले, "थोडं अलीकडं. अजून. हां, इथी." मी पेन्सिलने खूण केली. प्लाय काढला, फडताळ मोकळं केलं, कप्पे पुन्हा बसवून डबे त्यांत ठेवले. झडपेची मात्र त्यांनी गरज नाही म्हटलं. प्रत्येक स्क्रूच्या आधी ते हात लावून बघायचे, मग मी ड्रिल चालवायचे. काम फार हळू झालं. मधेमधे ते बोलत राहिले. कुठल्या थांब्यावर कोण चढायचं, आईने त्या फडताळात काय काय लपवून ठेवलं होतं.

संध्याकाळी ते म्हणाले, "चाय मी करतो." मी दारात उभी राहिले, पडलेच तर धरायला. ते आले आणि सरळ माझ्यावर आदळले.

"बाजूले हो माय. वाटेतच उभी आहे तू."

मी बाजूला झाले. त्यांचा पाय पट्टीला लागला, डावा हात फडताळाच्या कडेवर गेला. चहा झाला, थोडा ओट्यावर सांडला.

आता ते पुन्हा स्वतःचा चहा करतात. काकू सांगतात, पडले नाहीत. पण मी गेले की बघते. पट्टीपाशी आले की ते क्षणभर थांबतात, पाऊल हवेत धरून. पूर्वी ते थांबत नसत.