दोन बल्बांची पेटी

आमच्याकडे सगळ्या बायका सांगायच्या की सातव्या महिन्यात झालेलं मूल जगतं आणि आठव्यात झालेलं जगत नाही. का, ते कुणी सांगायचं नाही. कुणी विचारायचंही नाही. माझा पहिला मुलगा आठव्यात झाला.

दुष्काळाची वर्षं होती. आमचं गाव पारनेर तालुक्याच्या कोरड्या भागातलं. मालक बैल घेऊन कोल्हारकडे छावणीत जाऊन राहिले होते, कारण तिकडे नदीकाठाला जनावरांना काहीतरी मिळत होतं. घरात मी आणि सासू. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझी आई मी लहान असतानाच गेली होती. भावजयीला निरोप धाडला होता, तिकडून काही कळलं नाही. म्हणून मी सासरीच होते.

टँकरवरून पाणी आणताना कळ आली. हंडा तसाच ओट्यावर ठेवला आणि आडवी झाले. सुईण आली, फार वेळ लागला नाही. मूल धड रडलं नाही. मांजराचं पिल्लू करतं तसा आवाज केला आणि गप्प झालं. अंगावर लव होती, मांड्यांची कातडी सैल, म्हाताऱ्याच्या मानेसारखी. हात लावला तर गार. सुईणीने बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. सगळ्यांना असाच शेक देतात. पण धुराने त्याचा श्वासच अडायला लागला. सुईणीने शेगडी ओढून बाहेर नेली.

"ह्याला धूर सोसत न्हाई आन् शेक लागत न्हाई," ती सासूला म्हणाली. "नगरला न्यायचं आसंल तर आत्ताच न्या. मला इचारू नका काय हुईल ते."

सासू उंबऱ्याशी बसून बोटांची पेरं मोजत होती. एकदा मोजून झालं, परत मोजलं. "आठवा हाय," म्हणाली. पण उठली, लुगड्याच्या फाटक्या पदरात मूल गुंडाळलं, आणि रस्त्याला खडीचा ट्रक उभा होता त्याच्या ड्रायव्हरशी बोलून आली. मला आणि मुलाला ट्रकमध्ये पुढे बसवलं, ती मागे खडीवर बसली. हे तिचं मी विसरलेले नाही.

नगरला एक धर्मादाय दवाखाना होता, बायकांचा आणि मुलांचा. तिथल्या मोठ्या सिस्टरने मूल हातात घेतलं, पायाला बोट लावून बघितलं आणि आम्हाला काही न विचारता आत गेली. मी मागे गेले. खोलीत टेबलावर लाकडाची पेटी होती. दवाखान्याच्या सुताराने केलेली, मोठ्या आंब्याच्या पेटीएवढी. तिला खालीवर दोन कप्पे. खालच्यात दोन बल्ब आणि पत्र्याच्या ताटलीत पाणी. वरच्यात फळ्या, फळ्यांमध्ये फटी, त्यावर मऊ कपडा. झाकणाला काच. बाजूला भोकं पाडलेली आणि आत एक थर्मामीटर टांगलेला. सिस्टरने मुलाला कापसात गुंडाळलं, तोंड तेवढं उघडं ठेवलं, आणि पेटीत ठेवून झाकण लावलं. जास्त तापलं की ती एक बल्ब बंद करायची, निवलं की परत लावायची. एवढंच यंत्र.

सासूने दारातून ते बघितलं आणि पिशवी उचलली.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"घरी. शेळीला पानी कोन दावंल?"

"मग मी?"

"तू बी चल. हितं बसून काय हुनार हाय? पेटीत घातलंय त्याला. जित्या पोराला कुनी पेटीत घालतं व्हय?"

मी म्हणाले, मी येत नाही. तिने पिशवी खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाली, "माझं बी आठव्याचंच हुतं. पयलं." मालकांच्या आधी तिला एक झालं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने पिशवीतली भाकरी आणि एक जुनं लुगडं माझ्यापाशी ठेवलं आणि स्टँडकडे गेली. रडली वगैरे नाही. मीही नाही.

त्यानंतर मी त्या दवाखान्यात किती दिवस राहिले ते मोजलं नाही. मोजायला कुणाशी बोलावं लागतं. सकाळी वाटीत दूध काढून द्यायचं, सिस्टर ते बोंडल्याने मुलाला थेंब थेंब पाजायची. मला आत जायची मनाई होती. हाताची घाण त्याला सोसणार नाही, काचेतून बघ, म्हणायची. मग मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचे. छाती भरून यायची, पुन्हा वाटी. दुसऱ्या बाळंतिणींपाशी आया होत्या, सासवा होत्या, डिंकाचे लाडू होते. त्या आधी मला विचारायच्या, "तुमचं कोण आलंय?" मग विचारायच्या बंद झाल्या. काही बायका माझ्याजवळून जाताना आपलं मूल पदराखाली घ्यायच्या. मला त्याचा राग यायचा नाही. गावी मी पण तेच केलं असतं.

काचेतून मुलगा नीट दिसायचाही नाही. बल्बचा पिवळा उजेड, कापूस, आणि मध्ये नाक. ते माझंच आहे असं मनाला सांगावं लागायचं. कुणी दुसरं मूल आत ठेवलं असतं तर मला ओळखू आलं नसतं.

एकदा सिस्टरने विचारलं, "तुझ्या घरचं कुणी परत आलं नाही गं?"

"आठव्याचं आहे ना," मी म्हणाले. "सातव्याचं असतं तर आले असते."

ती काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली. "सात महिने पोटात राहिलं ते पक्कं आणि आठ महिने राहिलं ते कच्चं? तुझ्या सासूला भाकरी भाजता येते ना?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल. पण तिचं बोलणं खरं धरायलाही भीती वाटली. एक बाई एक म्हणत होती आणि माझ्या गावातल्या सगळ्या बायका दुसरं.

वीज जायची. दुष्काळात तर दुपारचीच जायची. गेली की सिस्टर सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरायची, बुचं घट्ट लावून फडक्यात गुंडाळायची आणि कापसाच्या बाहेरून दोन्ही बाजूंना ठेवायची. एका दुपारी तिच्याकडे दुसरी बाई अडली होती, तेव्हा ती ओरडली, "ए पोरी, स्टोव्ह पेटव!" मग ते काम माझ्याकडेच आलं. पाणी हाताला सोसेल एवढं पाहिजे. बाटली अंगाला लागता कामा नये, पातळ कातडी लगेच भाजते. निवायच्या आधी बदलायची. वीज गेली की बाकीच्या बायका पदराने वारा घेत कुरकुरायच्या, आणि मला बरं वाटायचं, कारण मला काम मिळायचं आणि हात धुऊन आत जाता यायचं.

असंच एकदा स्टोव्ह विझवून बाहेर आले तर फाटकात आमच्या आळीतले एक म्हातारे उभे. डोळे दाखवायला नगरला आले होते, पाणी प्यायला आत शिरले.

"आगं, तू हितं? अजून?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी म्हनलं तू म्हायेराला गेली आसशील."

"माहेराला कशाला?"

त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"बोला की बाबा."

"तुज्या सासूनं सांगितलं, पोरगं गेलं म्हून. आंगुळी बी झाल्या. तुज्या मालकाला छावनीत निरोप गेला, तो तिकडंच नदीवर आंगूळ करून ऱ्हायला."

म्हणजे इकडे मी बाटल्या भरत होते आणि तिकडे माझ्या मुलाचं सुतक होऊन गेलं होतं. सासू खोटं बोलली असं मी म्हणत नाही. तिने पेटीचं झाकण लागलेलं बघितलं होतं आणि पेरं मोजली होती. तिच्या हिशेबाने झालंच होतं ते.

"जितं हाय का?" म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं.

"आहे."

"मग आजच जाऊन सांगतो की! पेढं न्हाईत तर गूळ वाटू दे म्हातारीला."

"सांगू नका," मी म्हणाले.

"का गं?"

"जगलं तर मीच घेऊन येईन. मेलं तर त्यांची आंघोळ झालेलीच आहे. दोनदा कशाला?"

मग "बरं बाई" म्हणाले, पाणी न पिताच गेले. त्यांनी खरंच सांगितलं नाही. ते गेल्यावर मात्र मला कळलं की मी काय केलं. आता कुणी येणारच नव्हतं. तोवर फाटक वाजलं की मी मान वर करायचे. त्या दिवसापासून केली नाही.

मुलगा थोडा भरला. बोंडलं तोंडाला लावलं की चोखायला लागला. तेवढ्यात शहरातली एक मुसलमान बाई आली, तिचं मूल माझ्या मुलापेक्षाही लहान, तळहातावर मावेल एवढं. तिच्याबरोबर आई, दोन बहिणी, नणंद, असा सगळा व्हरांडा भरला. पेटी एकच. सिस्टरने माझा मुलगा बाहेर काढला.

"माझं आधी आलंय," मी दारात आडवी उभी राहिले.

"तुझं आता तुझ्यापाशी राहील. सोड पोलकं."

"मी काय बल्ब आहे का?"

"बल्बपेक्षा बरी. तुझी वीज जात नाही."

तिने मुलाचा कापूस काढला, उघड्या अंगाने माझ्या छातीवर उभा ठेवला, बेडकासारखा, आणि वरून सासूच्या लुगड्याने आम्हा दोघांना आवळून बांधलं. म्हणाली, असाच ठेवायचा, बसताना, उठताना, झोपताना. मी पहिल्यांदा त्याला धरत होते. काय वाटलं ते विचारतात सगळे. जड वाटलं. एवढंसं पोर, पण जड. आणि भीती, की माझी ऊब पुरली नाही तर आता मी बल्बला नावं ठेवू शकणार नाही.

पुरली. त्याचे पाय गरम राहायला लागले. त्या बाईच्या घरचे मला जेवायला द्यायचे, तिची आई माझ्याकडे बघून हसायची, "देखो, बंदर का बच्चा," म्हणायची. मग एका सकाळी ते लहान मूल गेलं. पेटीत बल्ब तसेच चालू होते. तिच्या घरच्यांनी सामान आवरलं आणि सगळे निघून गेले, व्हरांडा एकदम मोकळा झाला. जाताना त्या बाईने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बघितलं नसतं. सिस्टर म्हणाली, पेटी रिकामी आहे, ठेवतेस का? मी नको म्हणाले.

पुढे सिस्टरने सोडलं तेव्हा मी एकटीच एसटीने निघाले. लुगड्यात बांधलेलं मूल बाहेरून दिसत नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, पोटात दुखतंय का? वाकून काय बसलात?" मी मान हलवली. सुप्याच्या पुढे उतरले आणि चालत घरी गेले.

सासू अंगणात रेशनवरची तांबडी ज्वारी, मिलो, निवडत बसली होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं. मी एकटी आलेय असंच तिला वाटलं. "आलीस व्हय," म्हणाली, "हातपाय धू." मी गाठ सोडली. मुलगा ऊन तोंडावर आल्याने ओरडला, चांगला मोठ्याने.

ती उठली नाही. दारात मूल आलं की भाकरीचा तुकडा ओवाळायचा असतो, तेही तिला सुचलं नाही. बोटं मात्र चालू झाली, अंगठा एकेका पेरावर. मोजून झाल्यावर म्हणाली, "सातवाच आसंल. माझंच मोजायचं चुकलं." आठवाच होता. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तिचं पहिलं आठव्याचं होतं, आणि त्याला कुणी नगरला नेलं नव्हतं. मी म्हणाले, "हो, सातवाच."

मालक छावणीतून यायला पुढे बरेच दिवस लागले. त्यांना निरोप गेला तर त्यांनी उलट विचारलं की थट्टा कोण करतंय.

पण ते नंतरचं. त्या दुपारी सासूने हात पुढे केले. आधी नुसतेच केले, जवळ आली नाही. मी मुलाला छातीवरून सोडवलं, तो चिकटला होता, घामाने. तिने त्याला घेतलं आणि पाठ करून घरात गेली, रडायला गेली असेल. मी अंगणात उभी राहिले. माझी छाती ओली होती, तिला वारं लागलं. उन्हाळ्याचे दिवस, अंगणात पाय भाजत होते, आणि मला थंडी वाजत होती.