जमादाराची म्हैस आणि साडूंची फटफटी

कृष्णाकाठानं पूर पाहिले, प्लेग पाहिला. पण आमच्या मालकांच्या साडूंच्या फटफटीनं जितकी माणसं एकदम घराबाहेर काढली, तितकी त्या दोघांना मिळूनही काढता आली नसतील. लढाई संपल्यावर हे साडू फौजेतून हवालदार होऊन परतले ते लष्करानं विकायला काढलेली एक मोटारसायकल घेऊनच. गाडीला सगळं होतं. फक्त आवाज गिळणारा जो डबा धुराच्या नळीला असतो, तो त्यांनी पहिल्याच दिवशी उपटून काढला होता. ते कडेगावाहून निघाले की सांगलीत आमच्या मालकीणबाई चहाचं आधण ठेवत, असं मालक सांगायचे. मालकांचा धंदा तेलाचा, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातलं थोडं वंगण सोडून द्यावं. पण साडू पोचेपर्यंत चहा तयार असायचा हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी मूळचा कोकणातला. चौथीत शाळा सुटली आणि पुढं पोटानं मला घाट चढवून मालकांच्या शेंगदाण्याच्या घाण्यावर आणून सोडलं. परक्या मुलखात मला सगळ्याचीच धास्ती. पोलिसाची तर होतीच, मालक नुसते खोकले तरी हिशेब करून गाशा गुंडाळायला सांगतात की काय, असं वाटायचं. साडूंनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि मालकांना भर अंगणात बजावलं, "ह्यो गडी लांबचा हाय. ह्याला कोरडी भाकरी घातलीसा तर गाठ माझ्याशी हाय!" त्या दिवसापासून माझ्या ताटात कालवण पडू लागलं. त्याच्या बदल्यात बाजाराच्या दिवशी पेंडीचं पोतं मांडीवर घेऊन त्यांच्या फटफटीवर मागं बसायचं, एवढंच काम माझ्या नशिबी आलं. मी देवाचं नाव घेत बसायचो. ते देवालाही ऐकू जात नसणार.

साडूंच्या तऱ्हा किती सांगाव्या! ते प्रश्न विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "बरं हाय न्हवं? बरंच असणार! पाऊसपाणी? झाला असंल!" समोरच्यानं तोंड उघडेपर्यंत साडू पुढच्या माणसापाशी. लग्नात मानाची जागा सोडून ते ताशेवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसत. लोक म्हणत, फौजेत जाऊन माणूस माजला. मीही तसंच समजत होतो. पण एकदा वाटेत एका विहिरीपाशी ते गाडी बंद करून तोंड धूत होते आणि त्यांच्या टाचेजवळून साप चालला. मी "साप! साप!" करून घसा फोडला; साडू निवांत चुळा भरत राहिले. साप गेला. मी समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा माझं तोंड पाहूनच ते काय ते समजले.

"कुणाला बोलू नगंस," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "कान लढाईत ठेवून आलोय गड्या. ह्या फटफटीचा तेवढा लांबनं आल्यागत येतो. म्हणून त्यो डबा काढला. बहिऱ्याला कोण चालवू देतंय? नाक्यावरच्या जमादाराला कळलं तर परवाना गेला, गाडी गेली. मग मी घरातच बसायचं."

आणि नेमकं त्याच सुमाराला संस्थानच्या नाक्यावर फर्मान आलं: प्रत्येक फटफटीस आवाजाचा डबा असावा. साडूंनी डबा सुतळीनं हँडलला टांगला. नाक्यावरच्या जमादारानं अडवलं, तर फर्मानाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "डबा असावा म्हटलंय. कुठं असावा ते कुठं म्हटलंय?"

जमादारानं फर्मान दोनदा वाचलं. कायद्यात हरला, म्हणून त्यानं शास्त्र काढलं. नाक्यामागं त्याची म्हैस बांधलेली असे. "ही बुजली तर आवाज जास्त. गाडी चावडीत जमा. न्हाई बुजली तर तुमी मोकळं. पुढच्या बाजारी परीक्षा!"

मी मधे पडून हे सगळं साडूंना खुणांनी समजावलं. जमादाराला वाटलं, कोकणातली माणसं हात उडवतच बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून जमादार जेवायला घरी गेला की आम्ही नाक्यामागं हजर. मी म्हशीपुढं पेंड टाकायची, साडूंनी फटफटी चालू करायची. आवाज जमादाराच्या ताटापर्यंत जात असणार, पण साडू गावात आलेत, एवढंच तो समजे. पहिल्या दिवशी म्हशीनं खुंटा उपटला. तिसऱ्या दिवशी नुसता कान हलवला. बाजार येईपर्यंत ती आवाज ऐकून लाळ गाळू लागली.

परीक्षेला सगळा बाजार लोटला. साडूंनी किक मारली. रस्त्यापलीकडं एका बैलानं गाडी उलटवली, दोन म्हाताऱ्या खाली बसल्या. आणि जमादाराच्या म्हशीनं आनंदानं मान डोलवत चक्क पान्हा सोडला.

"आयला!" जमादार म्हणाला. "ही माझ्या कारभारणीलाबी अशी सोडत न्हाई!"

त्यानंतर कायदा असा काही फिरला की साडू बाजाराला आले नाहीत तर जमादारच निरोप धाडी, "आवं, म्हस आटली, जरा येऊन जावा." धार काढायच्या वेळी सरकारी नाक्यावर फटफटी बेकायदा गरजत असे आणि जमादार चरवी गुडघ्यात धरून खूश असे.

पावसाळा सरता सरता एकदा असेच आम्ही नाक्यावर थांबलो होतो. साडूंनी किक मारली. गाडी गरजली. म्हशीनं मान उचलली. साडूंनी पुन्हा किक मारली, आणखी एक मारली, मग मागं वळून मला विचारलं, "आज काय झालंय रं हिला? चालूच होईना."

नाका हादरत होता. मी त्यांचा हात धरून गाडीच्या टाकीवर ठेवला. टाकी थरथरत होती. साडूंनी हात तसाच राहू दिला.

"चालू हाय व्हय," ते म्हणाले.

पुढच्या बाजाराला त्यांनी डबा आपल्या हातानं नळीला बसवला. "आता कशाला लोकांना तरास?" एवढंच म्हणाले. गाडी कशीबशी कुजबुजत नाक्याशी आली. अवघ्या मुलखात कायदा पाळणारी ती एकच फटफटी असावी. म्हैस रस्त्याकडं कान लावून उभी होती. गाडी तिच्या समोरून गेली तरी तिनं ओळखली नाही. जमादार रिकामी चरवी घेऊन मागून धावत आला.

"आवं हवालदार," तो ओरडत होता, "काढा की त्यो डबा! एक डाव काढा!"

मी मागं वळून पाहिलं. साडू मात्र समोर बघत, ताठ बसून, गाडी चालवत राहिले.